औषधाचा खर्च आणि आजाराची वाच्यता



आपल्या शाळेने एका दिवंगत गुरुजनांच्या स्मरणार्थ चालविलेल्या या व्याख्यानमालेत बोलण्याचा मान मला दिला, याबद्दल मी आपणा सर्वांचा ऋणी आहे. मराठी भाषा व साहित्य यांच्या अध्यापकाने सार्वजनिक आरोग्याच्या अर्थकारणावर बोलावे, हे काहींना अनधिकार चेष्टा वाटण्याचा संभव आहे. मी वैद्य नाही, अर्थशास्त्रज्ञ नाही, आणि संगणकाचा जाणकार तर मुळीच नाही. परंतु ज्या वयोगटात मी मोडतो, त्या वयोगटाचे निम्मे संभाषण दवाखाना, तपासण्या आणि बिले यांभोवतीच फिरत असते. त्या संभाषणात दोन प्रश्न वारंवार कानी पडतात. पहिला प्रश्न, "खर्च किती येईल?" दुसरा, "हे कोणाला कळणार तर नाही ना?" पहिला प्रश्न मोठ्याने विचारला जातो, दुसरा हलक्या आवाजात. या दोन प्रश्नांचा परस्परांशी काय संबंध आहे, हे उलगडून पाहणे हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

माझे प्रतिपादन थोडक्यात असे आहे : आजारपणाचा खर्च जो उचलतो, त्याच्याकडे आजाराचा कागद जातो. म्हणून खर्चाची व्यवस्था बदलली की रुग्णाच्या भयाचे स्वरूपही बदलते. निरनिराळ्या देशांनी खर्चाचा प्रश्न निरनिराळ्या रीतींनी सोडविला आहे. त्यांच्या अनुभवावरून आपणांस काय शिकता येईल, हे पाहू.

'खासगी' या शब्दाची दोन अंगे

आरंभ शब्दापासून करतो, कारण तेच माझे क्षेत्र आहे. 'खासगी' हा शब्द आपल्याकडे फारसी राजव्यवहारातून आला. मराठ्यांच्या कारभारात 'खासगी' म्हणजे राजघराण्याच्या स्वतःच्या उत्पन्नाचे व खर्चाचे खाते. राज्याच्या खजिन्याहून ते निराळे. इंदूरच्या होळकर घराण्यातील खासगीची परंपरा तर सर्वश्रुत आहे. अहिल्याबाईंनी देशभर बांधलेली मंदिरे, घाट व धर्मशाळा यांच्या संदर्भात तिचा उल्लेख हमखास येतो. म्हणजे त्या काळच्या कागदपत्रांत 'खासगी' म्हटले की पैसा आठवे. आज 'खासगी बाब' म्हटले की आपणांस गुपित आठवते. एकाच शब्दाच्या पोटात थैली आणि गुपित या दोन्ही गोष्टी नांदत आहेत, आणि आजारपणात त्या दोन्ही एकदमच उघड्या पडतात.

वैद्याने रुग्णाचे गुपित राखावे, हा विचार मात्र पुरातन आहे. ग्रीक परंपरेतील हिपोक्रॅटिसच्या शपथेत तो आहे, तसाच चरकसंहितेच्या विमानस्थानात आठव्या अध्यायातही आहे. तेथे गुरू शिष्यास जो उपदेश करतो त्यात, रुग्णाच्या घरी जे दिसेल ते बाहेर सांगू नये, असे स्पष्ट बजावले आहे. परंतु या दोन्ही परंपरांत माणसे दोनच होती : वैद्य आणि रुग्ण. तिसरा कोणी पैसे देणारा नव्हता, आणि नोंद ठेवणारे यंत्रही नव्हते. आजच्या रुग्णशय्येभोवती ही दोन नवी पात्रे येऊन उभी राहिली आहेत.

चार थैल्या

आजारपणाचा पैसा जगात कोठेही चार थैल्यांतून येतो. पहिली थैली सरकारी कराची. दुसरी सक्तीच्या वर्गणीची. तिसरी खासगी विम्याची. चौथी रुग्णाच्या स्वतःच्या खिशाची. प्रत्येक देशात या चारही थैल्या असतात. फरक असतो तो प्रमाणाचा.

वर्गणीची पद्धत जर्मनीने रुजविली. १८८३ मध्ये बिस्मार्कने कामगारांच्या आजारविम्याचा कायदा केला. त्यामागे भूतदयेपेक्षा राजकारण अधिक होते. समाजवाद्यांचा वाढता प्रभाव त्याला रोखावयाचा होता. आरंभी वर्गणीचा दोन-तृतीयांश भाग कामगार देत असे, एक-तृतीयांश मालक. आज ती दोघांत समान वाटली जाते. मूळ दर वेतनाच्या १४.६ टक्के असून त्यावर अतिरिक्त वर्गणी असते. यात लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की वर्गणी वेतनावर ठरते, प्रकृतीवर नव्हे. मधुमेही कामगार आणि धडधाकट कामगार यांचे वेतन समान असेल तर एकाच आजारनिधीत त्यांची वर्गणीही समान.

कराची पद्धत म्हटली की ब्रिटनचे नाव प्रथम येते. दुसरे महायुद्ध चालू असतानाच, डिसेंबर १९४२ मध्ये, विल्यम बेव्हरिज यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. आणि ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. तिचे शिल्पकार आरोग्यमंत्री अ‍ॅनायरिन बेव्हन हे वेल्समधील ट्रेडेगार या खाणकामगारांच्या गावचे. तेथे कामगार आपल्या वेतनातून थोडी थोडी रक्कम काढून स्वतःची वैद्यकीय मदत संस्था चालवीत. गावात चालले ते देशात का चालू नये, असा बेव्हन यांचा साधा विचार होता. १९५१ मध्ये चष्मे व दातांच्या कवळ्या यांवर आकार लावण्याचे ठरताच त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. तरीही १९५२ मध्ये औषधांच्या चिठ्ठीवर शुल्क आलेच. आज ते इंग्लंडमध्ये आहे. वेल्स, स्कॉटलंड व उत्तर आयर्लंड येथे ते रद्द झाले आहे. या सेवेचे गोडवे गाताना तिची उणीवही सांगितली पाहिजे. २०२३ मध्ये इंग्लंडमधील प्रतीक्षायादी ७५ लाखांच्या वर गेली होती. तेथे रुग्ण पैसे मोजत नाही, परंतु दिवस मोजतो.

खासगी विम्याचा मार्ग अमेरिकेने धरला, तोही काहीसा योगायोगाने. महायुद्धकाळात १९४२ नंतर वेतनवाढीवर निर्बंध आले. परंतु विम्यासारख्या सवलतींना त्यांतून सूट होती. कामगार मिळविण्यासाठी मालकांनी विमा देऊ केला, आणि आजारपणाचे संरक्षण नोकरीला बांधले गेले. वृद्धांसाठी 'मेडिकेअर' आणि गरिबांसाठी 'मेडिकेड' या सरकारी योजना ३० जुलै १९६५ रोजी अध्यक्ष जॉन्सन यांच्या स्वाक्षरीने आल्या. २०१० च्या कायद्याने विम्याची व्याप्ती वाढविली. तरी २०२३ मध्ये तेथे अडीच कोटींहून अधिक लोक विम्यावाचून होते. त्याच वर्षी राष्ट्रीय उत्पन्नाच्या १७.६ टक्के रक्कम आरोग्यावर खर्ची पडली. एवढा खर्च करूनही तेथील सरासरी आयुर्मान ब्रिटन, जर्मनी वा जपान यांच्याहून कमी आहे. खर्च जास्त म्हणजे आरोग्य जास्त, हे समीकरण खरे नव्हे, एवढा बोध यातून नक्की घ्यावा.

हे सर्व श्रीमंत देशांचे सोहळे आहेत, असे कोणी म्हणेल. त्याला उत्तर थायलंडचे आहे. त्या देशाने २००१-०२ मध्ये, एका भेटीस ३० बाट एवढ्या नाममात्र शुल्कात, उर्वरित सर्व जनतेस उपचारांच्या छत्राखाली आणले. त्याचा खर्च करातून केला, आणि २००२ मध्ये त्यास कायद्याचे अधिष्ठान दिले. थायलंड तेव्हा धनाढ्य नव्हता. आज तेथील एकूण आरोग्यखर्चात रुग्णाच्या खिशाचा वाटा दहा टक्क्यांच्या आसपास आहे.

आपली थैली

आता आपल्या देशाकडे वळू. स्वातंत्र्याच्या आधीच, १९४६ मध्ये, सर जोसेफ भोर यांच्या समितीने अहवाल दिला होता. पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही उपचारांस मुकू नये, हे त्याचे सूत्र होते. त्यानंतर कामगार राज्य विम्याचा कायदा १९४८ मध्ये आला, आणि केंद्र सरकारच्या सेवकांसाठीची योजना १९५४ मध्ये. म्हणजे संघटित नोकरदारांची सोय झाली. शेतमजूर, हमाल, शिंपी, लहान दुकानदार हे बाहेरच राहिले. त्यांची थैली चौथीच राहिली, म्हणजे स्वतःच्या खिशाची. आणि तो खिसा रिकामा झाला की मंगळसूत्राची वा शेताच्या तुकड्याची.

राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०१३-१४ मध्ये एकूण आरोग्यखर्चापैकी ६४.२ टक्के खर्च लोक स्वतःच्या खिशातून करीत होते. २०२१-२२ मध्ये हे प्रमाण ३९.४ टक्क्यांवर आले. घट मोठी आहे, आणि तिचे श्रेय दिलेच पाहिजे. परंतु त्याच वर्षी सर्व सरकारांचा मिळून आरोग्यावरचा खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या १.८४ टक्के होता. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत अडीच टक्क्यांचे लक्ष्य ठेवले होते. सप्टेंबर २०१८ मध्ये आयुष्मान भारत योजना सुरू झाली. तिच्यात पात्र कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत रुग्णालयातील उपचारांचे संरक्षण मिळते. २०२४ च्या ऑक्टोबरपासून ७० वर्षे व त्यावरील सर्व नागरिकांस, उत्पन्न न पाहता, तिचा लाभ खुला झाला. मात्र ही योजना रुग्णालयात दाखल होणाऱ्यासाठी आहे. रोजची रक्तदाबाची गोळी, महिन्याची साखरेची तपासणी, डॉक्टरांची साधी भेट, हा झिजविणारा खर्च बहुतांशी तिच्या बाहेरच राहतो.

आपण सीमाभागातील मंडळी. आपणांस या प्रश्नाचे आणखी एक अंग अनुभवाने ठाऊक आहे. आजार राज्याची हद्द ओळखत नाही, थैली मात्र ओळखते. आपल्याकडचा रुग्ण मिरजेस जातो, कोल्हापुरास जातो, कोणी गोव्यास बांबोळीला जातो. सिंधुदुर्गातील दोडामार्ग-सावंतवाडीकडच्या लोकांना तर बांबोळीचे इस्पितळच जवळचे. तेथे जानेवारी २०१८ पासून गोव्याबाहेरील रुग्णांस शुल्क लागू झाले, तेव्हा नाराजीही झाली. गोव्याची बाजू अशी की कर गोवेकरांचा. रुग्णाची बाजू अशी की वेदनेला रहिवासी दाखला नसतो. २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने महात्मा फुले जन आरोग्य योजना कर्नाटकातील ८६५ सीमावर्ती गावांना लागू करण्याचा निर्णय घेतला, आणि कर्नाटक सरकारने त्यास हरकत घेतली. या वादात मला येथे शिरावयाचे नाही. परंतु त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते : जो पैसे देतो तो प्रथम विचारतो, "तू कोण, कोठला?" आणि या प्रश्नापासूनच कागदाचा प्रवास सुरू होतो.

कागद कोणाच्या हाती?

वर सांगितलेल्या प्रत्येक थैलीबरोबर एकेक भय जोडलेले आहे.

करातून चालणाऱ्या सेवेत रुग्णाचा आजार कितीही मोठा असला तरी त्याचा कर वाढत नाही. म्हणून तेथे विमा कंपनीचे भय नाही. तेथे भय असते ते सरकारच्या इतर खात्यांचे. ब्रिटनमध्ये जानेवारी २०१७ मध्ये एक करार झाला. त्यान्वये आरोग्य सेवेकडील रुग्णांचे पत्ते स्थलांतरितांचा शोध घेणाऱ्या गृहखात्यास मिळू लागले. डॉक्टरांनी व लोकप्रतिनिधींनी आक्षेप घेतला, कारण स्पष्ट होते : पकडले जाण्याच्या भीतीने गरोदर स्त्री किंवा क्षयरोगी दवाखान्यातच आला नाही, तर हानी सर्वांचीच. २०१८ मध्ये तो करार मागे घेण्यात आला. त्याआधी २०१३ मध्ये डॉक्टरांकडील नोंदी एकत्र करण्याची मोठी योजना निघाली होती. लोकांस नीट समजावून न सांगितल्याने विश्वास उडाला, आणि २०१६ मध्ये ती गुंडाळावी लागली. सिंगापूरचे उदाहरणही असेच. करोनाच्या साथीत संपर्क शोधण्यासाठी तेथे मोबाइलवरील यंत्रणा आणली गेली. गुन्ह्यांच्या तपासासाठी पोलीस तिच्यातील माहिती घेऊ शकतात, हे जानेवारी २०२१ मध्ये संसदेत उघड झाले. लोकांत अस्वस्थता पसरली, आणि पुढील महिन्यात कायदा करून तो वापर केवळ गंभीर गुन्ह्यांपुरता मर्यादित करण्यात आला.

खासगी विम्याच्या व्यवस्थेत भयाची दिशा निराळी. तेथे आजाराची माहिती म्हणजे किंमत. अमेरिकेत २०१४ पूर्वी वैयक्तिक विमा घेताना, आधीपासून असलेला आजार हे विमा नाकारण्याचे वा महाग करण्याचे कारण ठरू शकत असे. २०१० च्या कायद्याने ते थांबविले. आपल्याकडे आधीच्या आजारांसाठी प्रतीक्षाकाल असतो. नियामक प्राधिकरणाने २०२४ मध्ये तो कमाल चार वर्षांवरून तीन वर्षांवर आणला. येथे एक इशारा देतो. गुप्ततेच्या नावाखाली विमा घेताना आजार लपवू नये. सांगणे अवघड जाते हे खरे. परंतु लपविल्याने ऐन प्रसंगी दावा फेटाळला जाण्याचे संकट ओढवते. गुप्तता म्हणजे असत्य नव्हे. योग्य माणसास योग्य तेवढे सांगणे, आणि त्याने ते पुढे न सांगणे.

चौथ्या थैलीत, म्हणजे रोख पैसे देणाऱ्याच्या बाबतीत, पूर्वी गुप्तता आपोआप राहत असे. डॉक्टरांच्या टिपणवहीपलीकडे कागदच नसे. त्या गुप्ततेची किंमत मात्र कर्जाच्या रूपाने चुकवावी लागे. आता तीही राहिली नाही, कारण औषध मागविण्यासाठी, पावले मोजण्यासाठी, मासिक पाळीची नोंद ठेवण्यासाठी लोक मोबाइलवरील उपयोजने वापरतात. यांतील पुष्कळ फुकट असतात. आपल्या आजीने सांगितले असते की फुकट मिळणाऱ्या वस्तूची किंमत कोणीतरी देतच असतो. अमेरिकेत 'फ्लो' नावाच्या पाळीची नोंद ठेवणाऱ्या उपयोजनाने, गुप्ततेचे आश्वासन देऊनही, वापरणाऱ्या स्त्रियांची माहिती फेसबुक व गूगल यांच्या विश्लेषण विभागांकडे पोहोचविली, असा तेथील व्यापार आयोगाचा आरोप होता. २०२१ मध्ये तडजोड झाली. २०२३ मध्ये औषधांवर सवलत मिळवून देणाऱ्या 'गुडआरएक्स' या कंपनीस याच प्रकारच्या आरोपावरून १५ लाख डॉलर दंड भरावा लागला. तेथे रुग्णांच्या माहितीच्या रक्षणाचा कायदा १९९६ पासून आहे. पण तो डॉक्टर, रुग्णालये व विमा कंपन्या यांना बांधतो, अशा उपयोजनांना सहसा बांधत नाही.

माहिती चोरीस गेली तर काय होते, हे फिनलंडने २०२० मध्ये पाहिले. मानसोपचार देणाऱ्या 'वास्तामो' या कंपनीच्या नोंदी चोरून चोरट्याने तीस हजारांहून अधिक रुग्णांना धाक घातला. पैसे द्या, नाहीतर तुम्ही उपचारकापाशी बोललेले सर्व जगासमोर मांडतो, असा त्या धमकीचा आशय होता. आपल्याकडेही नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेची संगणकयंत्रणा हल्ल्यामुळे बंद पडली, आणि कित्येक दिवस कामकाज हाताने चालवावे लागले.

एक घर, एक मोबाइल

पाश्चात्त्य देशांत मोबाइलविषयीची चिंता बहुधा कंपनी वा सरकार यांच्यासंबंधी असते. आपल्याकडे ती पुष्कळदा घरातूनच सुरू होते. कारण भ्रमणध्वनी ही वस्तू तेथे व्यक्तीची, येथे अजूनही अनेक घरांत कुटुंबाची. रुग्णालयाच्या खिडकीवर सासूबाई मुलाचा क्रमांक देतात, सून नवऱ्याचा देते, आजोबा नातवाचा. अहवाल त्या क्रमांकावर जातो. संमतीसाठी येणारा सांकेतिक आकडा, ज्यास सर्व जण ओटीपी म्हणतात, तोही त्याच क्रमांकावर. कायद्याच्या भाषेत संमती रुग्णाची असते. प्रत्यक्षात ज्याच्या हाती मोबाइल त्याची असते.

माझ्या परिचयातील एका विवाहितेने स्तनाच्या गाठीची तपासणी सहा महिने लांबविली. खर्चाची अडचण नव्हती. योजनेचे कार्ड होते. अहवाल दिराच्या मोबाइलवर येईल, हेच कारण होते. सुदैवाने गाठ निरुपद्रवी निघाली. परंतु सरकारने ५ लाखांची थैली उघडूनही जे दार बंद राहिले, ते या एका क्रमांकाने.

ही अडचण केवळ आपली नाही. इंग्लंडमध्ये डॉक्टरांकडील नोंदी रुग्णांस मोबाइलवर दिसू लागल्या तेव्हा, घरात जाच सोसणाऱ्या स्त्रीचा मोबाइल जर नवरा तपासत असेल तर काय, हा प्रश्न तेथील डॉक्टरांनी उपस्थित केला होता. म्हणजे यंत्र बदलले तरी प्रश्न माणसांचाच आहे.

आता दोन गोष्टींतील घोटाळा दूर करतो, कारण पुष्कळ ज्येष्ठ नागरिक त्यात अडकतात. आयुष्मान भारत योजनेचे कार्ड वेगळे, आणि 'आभा' हा १४ अंकी आरोग्य खाते क्रमांक वेगळा. कार्ड थैलीशी संबंधित आहे, क्रमांक नोंदींशी. सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर सुरू झालेल्या डिजिटल आरोग्य अभियानाच्या रचनेत सर्व नोंदी एका कोठारात साठविल्या जात नाहीत. त्या ज्या त्या रुग्णालयात राहतात, आणि रुग्णाच्या संमतीने दुसऱ्यास दाखविल्या जातात. 'आभा' क्रमांक घेणे हे ऐच्छिक ठेवलेले आहे. या रचनेत गुण आहेत. तीन डॉक्टरांची तीन औषधे परस्परांस मारक ठरू नयेत, जुना अहवाल हरवला म्हणून नवी तपासणी करावी लागू नये, यासाठी नोंद हवीच. क्षयरोगासारख्या आजाराची तर सरकारला सूचना देणे २०१२ पासून बंधनकारक आहे, आणि उपचार चालू असता पोषणासाठीची रक्कम रुग्णाच्या खात्यात जमा होते. येथेही थैली आणि नोंद हातात हात घालून येतात. म्हणून नोंदच नको, असे माझे म्हणणे नाही. नोंद कोणी पाहिली हे रुग्णास कळावे, एवढेच म्हणणे आहे. एस्टोनिया या चिमुकल्या देशात २००८ पासून सर्वांच्या आरोग्यनोंदी संगणकावर आहेत; तेथे आपली नोंद कोणी व केव्हा उघडली हे प्रत्येक नागरिकास स्वतः पाहता येते. लोक पाहतील म्हणून पाहणाराही जपून पाहतो.

संमतीची भाषा

आपल्या न्यायालयांनी या प्रश्नाचा विचार केलेला आहे. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर एक प्रकरण आले होते. एचआयव्हीबाधित व्यक्तीची माहिती रुग्णालयाकडून बाहेर गेली, आणि तिचा ठरलेला विवाह मोडला. गुप्ततेचा हक्क आहे, पण तो निरपवाद नाही, आणि भावी वधूच्या जिवाचेही मोल आहे, असे न्यायालयाने मानले. पुढे २०१७ च्या कायद्याने, काही अपवाद सोडता, अशा रुग्णाच्या संमतीवाचून माहिती उघड करण्यास मनाई केली. त्याच वर्षी, २४ ऑगस्ट रोजी, नऊ न्यायाधीशांच्या पीठाने एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. त्यानंतर २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम अधिसूचित होऊन मुख्य तरतुदींसाठी तेथून अठरा महिन्यांची मुदत ठेवण्यात आली.

या कायद्यातील एका तरतुदीकडे मी आपले लक्ष मुद्दाम वेधतो. संमतीची विनंती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय माणसास मिळाला पाहिजे, असे तो सांगतो. आठव्या परिशिष्टात मराठी आहे, कन्नड आहे, आणि १९९२ पासून कोकणीही आहे. या तरतुदीचे महत्त्व पुण्यामुंबईच्या माणसास तेवढे जाणवणार नाही, आपणांस जाणवावे. आपल्या भागातील वृद्ध स्त्री बोलते मराठी, रुग्णालयातील फलक कन्नड, आणि सहीचा कागद इंग्रजी. त्या कागदावरच्या अंगठ्यास संमती म्हणणे म्हणजे शब्दाचा अवमान आहे. भाषेचा हक्क आपण आजवर शाळा, फलक आणि सातबारा यांच्या संदर्भात मागत आलो. तो रुग्णशय्येच्या उशाशीही मागितला पाहिजे. आणि तोच हक्क कोल्हापुरास उपचारांसाठी जाणाऱ्या कन्नड भाषक रुग्णासही मिळाला पाहिजे, हेही त्याच दमात म्हटले पाहिजे.

आपणांस करता येण्याजोगे

मोठी धोरणे सरकारे ठरवतील. अडीच टक्क्यांचे वचन पाळले जावे यासाठी मतदार म्हणून आपण आग्रह धरू. परंतु काही गोष्टी आपल्या हाती आजच आहेत.

रुग्णाचा क्रमांक रुग्णाचाच द्यावा. घरातील वृद्धांस व स्त्रियांस, शक्य असेल तर, स्वतःचा मोबाइल असावा. नसेल तर अहवाल कागदावर मागून हाती घ्यावा. ओटीपी विचारणाऱ्यास, तो कशासाठी आहे हे आधी विचारावे, आणि दूरध्वनीवरून कोणी मागितला तर देऊ नये. नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर अहवालाचे छायाचित्र टाकण्यापूर्वी ज्याचा अहवाल आहे त्याची परवानगी घ्यावी. काळजीपोटी केलेली वाच्यता हीही वाच्यताच असते. खिडकीवर नाव व आजार मोठ्याने पुकारला गेला तर नम्रपणे, पण ठामपणे, हळू बोलण्यास सांगावे.

शाळेच्या माजी विद्यार्थी संघास माझी एक विनंती आहे. आपल्यात डॉक्टर आहेत, वकील आहेत, संगणक जाणणारे तरुण आहेत. महिन्यातून एक दिवस शाळेच्या एका खोलीत बसून त्यांनी परिसरातील वृद्धांस योजनेचे कार्ड, विम्याचा अर्ज व संमतीचा कागद मराठीत समजावून द्यावा. अर्ज भरून द्यावा, पण ओटीपीचा आकडा स्वतः पाहू नये; तो ज्याचा त्यानेच टंकावा. अशा खोलीस फारसा खर्च येणार नाही. शाळेने आपणांस वाचावयास शिकविले. आता जे वाचू शकत नाहीत, किंवा ज्यांच्या हाती न वाचता येणाऱ्या भाषेतील कागद पडतो, त्यांच्यासाठी आपण वाचावे. ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी येथे जमतो, त्यांचे काम यातून पुढे चालू राहील, असा मला विश्वास वाटतो.